टेकाडावरचं पाणी

त्या वर्षी भादव्यात पाऊस गेला तो परतलाच नाही. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मोहाडीच्या बाजारात पानठेल्यावरच्या रेडिओवर कालव्यांची भाषणं चालू असायची, आणि आमच्या गावात धान पोटरीत येऊन उभं होतं. लोंबी पोटात असते ते हे दिवस. याच दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंबी बाहेर पडते, पण तिच्यात दाणा नसतो. नुसतं पोचट.

तळ्याचं पाणी पाटाच्या तोंडाखाली गेलं होतं. म्हणून गावाने मिळून घेतलेलं डिझेल इंजिन तळ्याच्या काठाला लावलं आणि पाळ्या ठरवल्या. ज्याची पाळी त्याच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, पाइप वळवायचा, त्यानेच इंजिन सुरू करायचं. नियम एकच होता. एकदा इंजिन सुरू केलं की ते बंद पडेपर्यंत किंवा ठरलेली वेळ सरेपर्यंत पाळी तुमची. मध्ये इंजिन थांबलं, कशानेही थांबलं, की पाळी पुढच्याकडे गेली. आधीच्या एका दुष्काळात लोक इंजिन बंद करून जेवायला जायचे आणि पाळी अडवून ठेवायचे, त्यातून डोकी फुटली होती. तेव्हा पंचांनी हा नियम केला, आणि तेव्हा तो बरोबरच होता.

आमची बांधी सगळ्यांत वर, टेकाडावर. चांगली जमीन वाटून झाल्यावर वडिलांच्या वाट्याला ही उरली होती. वडील गेल्यावर ती दादा आणि वहिनी करायचे. मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकत होते, पण मन सभांमध्ये आणि पत्रकांमध्ये. आमच्या घरात पुस्तकं नव्हतीच, वडिलांनी सभांमधून आणलेली पत्रकं होती. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानेच संपतं असं मला फार दिवस वाटत होतं.

दादा धानगिरणीवर इंजिन चालवायचा. स्वभावाने तिखट, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल बोलताना त्याला थांबवावं लागायचं. पहिल्या पाळीला त्याने इंजिन सुरू केलं आणि आम्ही वर पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसलो. खाली इंजिन धडधडत होतं. वर एक थेंब नाही.

"काहून गा, इंजिन मजेत चालून राहिलं, न पाणी कुठं आहे?" वहिनीने विचारलं.

"पाइपात आहे."

"पाइपात काय लोणचं घालायचं आहे का त्याचं?"

पाणी खरंच पाइपात होतं, अर्ध्या चढावर अडकलेलं. इंजिनात गव्हर्नर असतो. त्यात दोन लोखंडी वजनं चाकाबरोबर फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, आणि स्प्रिंग त्यांना आत ओढून धरते. स्प्रिंग नरम किंवा वजनं जड असतील तर इंजिन हळू चालतं. आमचं इंजिन खालच्या सपाट बांध्यांसाठी लावलेलं होतं. तिथे हळू वेग पुरतो, डिझेल वाचतं. टेकाडावर पाणी चढवायचं तर पंप जास्त वेगाने फिरला पाहिजे. त्यासाठी स्प्रिंग कडक हवी, वजनं हलकी हवीत. एवढी साधी गोष्ट. पण इंजिन विकत घेताना टेकाडावरच्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि लावताना तर नाहीच.

पहिली पाळी अशी कोरडी गेली. मग दादाने गिरणीतल्या मोडक्या सामानातून स्प्रिंगा गोळा केल्या. दाराच्या खिळ्याला एकेक टांगायची, खाली तोच दगड बांधायचा, आणि कोणती किती लांबते ते काडीने मापायचं. कमीत कमी लांबली ती निवडली. दोन जुनी वजनं घेऊन कानशीने घासत बसला. दोन्ही सारखी उतरली पाहिजेत, नाहीतर चाक थरथरतं. म्हणून तो ती परत परत तराजूत एकमेकांसमोर टाकून बघायचा.

"नागपूरचा मिस्त्री आला तरी हे पाहून टोपी काढन," तो म्हणाला.

"टोपी नको, पाणी काढा," वहिनी म्हणाली.

बेत असा होता की आधीच्या माणसाने इंजिन बंद केलं की सुरू करण्याआधी वजनं आणि स्प्रिंग बदलायची. पण एका दमात नेमकं लागेल याची खात्री दादालाही नव्हती. म्हणून आम्ही काकाजींकडे गेलो. गावातला वडीलधारा माणूस, पंचांमध्ये त्यांचा शब्द चालायचा. आमच्या नंतरची पाळी त्यांचीच होती.

"काकाजी, एकदा बंद करून स्प्रिंग लावू द्या. तेवढी सूट द्या."

"आज तू स्प्रिंगसाठी बंद करशील, उद्या कोणी भाकरीसाठी. मंग नेम कायले केला?"

मी मध्ये पडले. नियम माणसांसाठी असतो, माणसं नियमासाठी नाहीत, वगैरे. पत्रकात शोभेल असं सगळं.

काकाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, माहं धान बी पोटरीतच आहे ना."

आमच्या पत्रकांमध्ये शत्रू कायम माडीवर राहायचा. इथे तो आमच्यासारख्याच कुडाच्या घरात राहत होता आणि त्याच्या बांधीलाही भेगा पडल्या होत्या.

दुसऱ्या पाळीला दादाने वजनं, स्प्रिंग बदलली आणि हँडल मारलं. आवाजच वेगळा होता, घाईचा. वहिनी वर गेली होती, मी खाली दादाजवळ होते. थोड्या वेळाने वरून तिची हाक आली.

"आलं! आलं गा!"

मग जरा थांबून, "पण बारीक आहे. शेंगेएवढी धार आहे."

त्या धारेने बांधी भिजली नसती. स्प्रिंगचा नट अजून थोडा आवळायला हवा होता. नट फिरत्या चाकाच्या आतल्या बाजूला, वजनांच्या शेजारी. इंजिन बंद करून ते काम कोणीही करावं. पण बंद केलं तर पाळी गेली. काकाजी बांधावर बसून बिडी ओढत होते, त्यांची वेळ जवळ आली होती.

"दादा, नको," मी म्हटलं.

"तू फक्त बंद करायच्या खटक्याजवळ उभी राह्य."

त्याने वाकून पाना लावला आणि थोडा फिरवला. इंजिनाचा आवाज चढला. वरून वहिनी काहीतरी आनंदाने ओरडली. त्याने पुन्हा पाना लावला. पाना घसरला आणि हात आत गेला.

मी खटका ओढला. चाक लगेच थांबत नाही. ते थांबेपर्यंतचं मला लिहायचं नाही.

वरची धार तुटली. वहिनीला खालचं काही दिसत नव्हतं. ती टेकाडावरून ओरडत होती, "बंद काहून केलं गा? बंद कायले केलं?"

काकाजी धावत आले. स्वतःचा दुपट्टा त्यांनी दादाच्या हातावर गच्च बांधला, स्वतःची बैलगाडी जुंपायला लावली, त्याला उचलून गाडीत ठेवलं. हे सगळं केलं. आणि गाडी निघाल्यावर पाइपाकडे बघत म्हणाले, "पाळी माह्याकडं आली."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात दादाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. मी गावात परत येऊन पंचांपुढे उभी राहिले. पाळी परत द्या म्हणून ओरडले, हात जोडले, शिव्याही दिल्या. इंजिन थांबलं होतं, हे कोणीच नाकारू शकत नव्हतं. अपघाताने थांबलं तर काय, हे नियमात नव्हतं. ज्या नियमात माणसाच्या हाताला जागा नाही तो नियम जाळावा, असं मी तेव्हा म्हटलं. आजही तेच म्हणते.

दादा घरी आला त्याच दिवशी काकाजींचा मुलगा दारात उभा राहिला. इंजिनात दादाचीच स्प्रिंग राहिली होती. आता त्यातून काळा धूर निघतो, पट्टा जळतो, अख्खं इंजिन पायावरून उड्या मारतं. काय करावं?

"सांगू नको दादा," मी म्हटलं. "त्यांचं ते पाहून घेतील."

दादा बाजेवर पडून होता. "ते चाक त्या वेगासाठी नाई आहे बाई. माहा हात आत होता तवा मले समजलं. फुटलं तर तुकडा कोणाच्या छातीत जाईल ते का चाक पाहून राहिलं?"

मग त्या पोराकडे वळून म्हणाला, "स्प्रिंग काढ माही. जुनी लाव. न जुनी जड वजनं घाल, तिथंच इंजिनाखाली ठेवली आहेत. इंजिन बंद करून घाल, साल्या. बंद करून."

मी उठून बाहेर गेले. जुनं सामान लागलं की टेकाडावर पाणी चढणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, पण तेव्हा मला त्याचा राग आला होता, काकाजींपेक्षाही जास्त.

टेकाडावरची लोंबी बाहेर पडली ती पांढरी. वहिनीने एक दातांखाली घेतली आणि थुंकली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विळे घेऊन गेलो. बैल तरी खातील म्हणून हिरवं आहे तोवर कापायचं. दादाही आला. डाव्या हाताने त्याने विळा धरून पाहिला, एक जुडी कापली, ती वेडीवाकडी झाली.

"बसा तिकडं," वहिनी म्हणाली. तिने त्याच्या हातातून विळा काढून घेतला आणि कमरेला खोचला.

खाली काकाजींच्या बांधीत पाणी चाललं होतं. इंजिनाचा आवाज संथ होता, बरोबर लागलेला. दादा बांधावर बसून तो ऐकत होता, आणि आम्ही कापत होतो.