पिसवांची सोय

लग्न होऊन मी फैजपूरहून धुळ्याला आले, तेव्हा आमचं बिऱ्हाड एका मारवाडी जैन शेठच्या धान्याच्या दुकानामागे होतं. दोन खोल्या, पुढे पडवी आणि पडवीला लागून शेठचं गोदाम. गोदामात ज्वारी, बाजरी, शेंगदाणे. म्हणजे उंदीर आलेच. शेठ उंदीर मारणार कसे? धर्म आड यायचा. मांजर पाळावं तर त्याचंही पाप त्यांच्याच माथी. म्हणून मी एक पिवळी मांजरी पाळली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद शेठना झाला. रोज संध्याकाळी त्यांच्या घरून तिला वाटीभर दूध यायचं. ‘‘मुक्या जीवाला दूध देतो. बाकी ती गोदामात काय करते ते वहिनी जाणोत,’’ असं म्हणायचे. म्हणजे दुधाचं पुण्य त्यांना आणि उंदरांचं पाप मला! करून सवरून नामानिराळं राहावं ते या माणसानं.

उन्हाळ्यात मांजरीला खाज सुटली. काय ती खाज! दूध पिता पिता उठायची, मागचा पाय वर करून मान खाजवायची, खाजवता खाजवता तोल जाऊन पडायची आणि पडल्या पडल्या पुन्हा सुरू. मानेवरचे केस गेले, कातडी लालभडक झाली, शेपटीपाशी खपल्या धरल्या. आमचे हे म्हणाले, ‘‘तुझ्या मांजरीला टक्कल पडायला लागलं की.’’ आधी आरशात बघा, असं मी म्हणणार होते, पण नवं लग्न होतं. आतून मात्र जीव तुटत होता. त्या परक्या गावात दुपारी माझ्याजवळ येऊन बसणारं तेवढंच एक माणूस होतं.

शेजारी एक अक्का राहायच्या, मूळच्या नरडाण्याकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी मांजरीच्या पोटावर फुंकर मारून केस बाजूला केले आणि ओरडल्याच, ‘‘ओ माय वं, बठ्ठ्या पिसवाच शेतीस!’’ खरंच, सगळ्या पिसवाच होत्या, काळ्या तिळांसारख्या नुसत्या पळत होत्या.

गोदामातल्या पोत्यांवर झोपून तिनं त्या आणल्या, असं माझं म्हणणं. मांजरीनंच त्या पोत्यांत नेल्या, असं शेठचं. त्यातच गादीवर बसून भाव सांगता सांगता शेठ काखेत हात घालून खाजवू लागले. त्यांचं बघून गिऱ्हाईकही खाजवू लागलं. मग काय, फर्मान सुटलं. ‘‘वहिनी, रविवारी आपला ट्रक सोनगीरला जातोय. तोवर मांजरी साफ झाली तर ठीक, नाहीतर पोत्यात घालून तिकडे सोडून देऊ. तिकडे किल्ला आहे, मोकळी हवा आहे.’’ जसं काही तिला हवापालटाला पाठवत होते!

मी काय ऐकून घेणार? ‘‘इतके दिवस उंदीर खाल्ले तेव्हा बरी चालली?’’ असं तोंडावर विचारलं. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. ‘‘उंदरांचं मला काही सांगू नका!’’

हे कुठूनशी डीडीटीची पुडी घेऊन आले. मी मांजरीला मांडीवर घेतलं, पुडी सोडली, तोच शेठच्या आई आल्या. त्यांना आम्ही माजी म्हणायचो. अंधार पडायच्या आत जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या, वाटेत मुंगी दिसली की थबकणाऱ्या. पुडी बघताच त्या पडवीत फतकल मारून बसल्या.

‘‘बेटा, आमच्या छपराखाली जीवहत्या नको.’’

‘‘अहो माजी, पिसवा आहेत त्या!’’

‘‘जीव तो जीव.’’

‘‘आणि माझ्या मांजरीचा जीव?’’

‘‘तोही जीवच. मांजर अंग चाटतं ना? मग ते जहर कोणाच्या पोटात जाईल?’’

हे काही मला सुचलं नव्हतं. पुडी गुपचूप ह्यांच्या हातात परत दिली.

मग माजींनी तोडगा सांगितला. त्यांच्या घरी धान्य निवडताना किडा सापडला तर चिरडत नसत. कापसाच्या बोळ्यावर अलगद उचलून वाटीत ठेवत आणि वेगळ्या काढलेल्या दाण्यांत नेऊन सोडत. तेच आता पिसवांना लागू झालं. उवांच्या फणीनं मी मांजरीला विंचरायचं, कापूस घातलेल्या डब्यात माजींनी पिसवा झेलायच्या आणि नंतर अक्कांनी उकळून दिलेलं कडुनिंबाचं पाणी जखमांना लावायचं. दुपारभर हा कारखाना चाले. मांजरी बोंब मारी, मला ओचकारी. एखादी पिसू फणीतून उडाली की माजी ‘‘गई, गई!’’ करत पडवीभर रांगायच्या. सासरी आल्यापासून मी इतकी हसले नव्हते.

पण डब्यातल्या पिसवांचं करायचं काय? किड्याला दाणे चालतात, पिसवेला रक्त लागतं. मी म्हटलं, उकिरड्यावर टाकू. ‘‘उपाशी मरतील,’’ माजी म्हणाल्या. अक्कांच्या बकरीच्या अंगावर सोडू, असं नुसतं म्हटलं तर अक्का विळा घेऊनच उठल्या. हे म्हणाले, ‘‘द्या इकडे, आमच्या साहेबांच्या खुर्चीत सोडतो.’’ शेवटी माजीच म्हणाल्या, ‘‘मी बघते त्यांची सोय.’’ रोज डबा पदराखाली घेऊन त्या आत जात. मला काय, माझ्या मांजरीच्या अंगावरून गेल्या म्हणजे झालं.

रविवारी तिच्या पोटावर फुंकर मारून बघितलं, औषधालाही पिसू नव्हती. मी ताठ मानेनं तिला दुकानात नेलं. बघते तर शेठ दोन्ही हातांनी चराचरा खाजवताहेत!

‘‘वहिनी, कमी कसल्या, वाढल्या! घरात झोप नाही कोणाला. पोतं आण रे.’’

हमालानं पोतं आणलं आणि माझ्या हातातून मांजरीला घेतलं. मी चांगली भांडखोर बाई, पण त्या वेळी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर हुंदके देऊन रडायलाच लागले.

माझा आवाज ऐकून माजी आतून आल्या. त्यांच्या हातांवर, मानेवर, पायांवर लाल लाल गांधी उठल्या होत्या.

‘‘सोड तिला,’’ त्या लेकाला म्हणाल्या. ‘‘पिसवा तिच्या अंगावर नाहीत. माझ्या गादीत आहेत. मीच सोडल्या.’’

‘‘माँ! पण का?’’

‘‘त्यांनी खायचं काय मग? माझं रक्त म्हातारं आहे, पण चालतं त्यांना.’’

माजींनी पदर खोचला. ‘‘ज्याच्याजवळ पिसवा, त्याला सोनगीरला सोडायचं, असंच ठरलंय ना? चल, बसव मला.’’ आणि खरोखरच बाहेर जाऊन त्यांनी ट्रकच्या फळीला हात घातला, एक पाय चाकावर ठेवला. शेठ गादीवरून उठून अनवाणी धावले आणि आईचा दुसरा पाय धरून तिथेच बसले.

हमाल बिचारा एका हातात मांजरी, दुसऱ्या हातात उघडं पोतं घेऊन मागोमाग गेला. त्यानं विचारलं, ‘‘शेठ, मंग पोतामा कोणले टाकू?’’

शेठ उठले, त्याच्या हातातून मांजरीला काढून घेतलं, आणि जन्मात मांजराला न शिवलेला तो माणूस तिला छातीशी धरून माझ्यापर्यंत चालत आला.