माणूस असल्याची खात्री

हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीत, आमचं मराठी मंडळ आहे. त्याची वेबसाइट मी केली, कारण मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि मंडळाच्या मते कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला दुसरं काम तरी काय असतं? त्या वर्षी गणेशोत्सवात जुन्या रहिवाशांनी पाच-पाच मिनिटं आठवणी सांगायच्या असं ठरलं. नावं फक्त वेबसाइटवरच्या फॉर्ममधून द्यायची होती. आईला बोलायचं होतं. मंडळाच्या प्रसादाचा शिरा तिने चाळीस वर्षं ढवळला, पण स्टेजवर ती कधी चढली नव्हती. "माझं नाव मीच भरीन, तू मध्ये पडू नकोस," असं तिने मला बजावलं होतं.

फॉर्म सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात टाउनशिपच्या आठवणी सांगायला जगभरातून मंडळी पुढे आली. कोणाला आमच्या टकलांवर केस उगवून द्यायचे होते, तर परदेशी सुंदऱ्यांना आमच्याशी ओळख वाढवायची होती. मंडळाचे सचिव कारखान्याच्या खरेदी विभागातून रिटायर झालेले. त्यांनी प्रत्येक स्पॅमचा प्रिंट काढला, त्यावर आवक क्रमांक टाकला, फाइलला लावला आणि केसांच्या तेलवाल्याला 'आपले पत्र मिळाले, समितीपुढे ठेवण्यात येईल' असं उत्तरही धाडलं. एवढा मान त्याला आयुष्यात कुठे मिळाला नसावा. तो दिवसाला वीस पत्रं पाठवू लागला.

मग समितीची बैठक बसली. मी चित्रांची चाचणी सुचवली. मोटरसायकल असलेली चित्रं निवडायची, म्हणजे समोर माणूस आहे हे कळतं. चार रिटायर्ड इंजिनियर एका मोबाइलवर वाकले. स्कूटर ही मोटरसायकल धरायची की नाही यावर अर्धा तास वाद झाला, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि शेवटी मशीनने चौघांनाही नापास केलं. सचिव भडकले.

"अरे भई, सीधी बात आहे. स्टाफ नंबर विचार ना! आपल्या टाउनशिपमध्ये स्टाफ नंबर माहीत नाही असा माणूस आहे कोण?"

असा कोणीच नाही, यावर एकमत झालं. कारखान्यात नोकरीला लागताना हा नंबर मिळतो. आमच्याकडे क्वार्टर त्यावर मिळतं, दवाखान्याचं कार्ड त्यावर निघतं, माझ्या लग्नाचा हॉलसुद्धा त्यावरच बुक झाला होता. पोरांचे वाढदिवस विसरणारे बाप झोपेतून उठवलं तरी तो नंबर घडाघडा सांगतात. मलाही कल्पना फार पसंत पडली. त्या टेबलाभोवती माझ्याशिवाय एकही बाई नव्हती, आणि मीही हुशारी दाखवण्यात गर्क होते. सचिवांनी सभासदांची यादी दिली. दिवंगतांची नावं त्यांनी मोठ्या तत्परतेने लाल शाईने खोडली होती. उरलेले नंबर मी फॉर्मला जोडले. यादीबाहेरचा नंबर टाकला की लाल अक्षरं उमटायची: 'आपण माणूस असल्याची खात्री पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.' हे वाक्य माझंच. मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं.

तेलवाला गप्प झाला. शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला. कार्यक्रमपत्रिका छापून आली, तीत नऊ वक्ते होते आणि नऊच्या नऊ काका. आईचं नाव दिसलं नाही. तिने ऐन वेळी बेत बदलला असेल असं मी स्वतःच ठरवून टाकलं आणि तिला विचारलंही नाही. काकांनी प्रत्येकी पाचाऐवजी वीस मिनिटं घेतली. आईने शिरा केला.

उत्सव आटोपल्यावर फॉर्म साफ करायला बसले, तेव्हा नापास झालेल्या नोंदी पहिल्यांदा उघडल्या. एकाच दुपारच्या अकरा नोंदी होत्या आणि अकरांमध्ये एकच नंबर होता, माझ्या बाबांचा. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा नंबर खोडलेल्यांत होता.

पहिल्या नोंदीत आईचं पूर्ण नाव होतं. विषय होता, 'आम्ही बायकांनी कॉलनीत काढलेली बालवाडी'. दुसऱ्या नोंदीत नावाआधी 'श्रीमती' आलं. मग त्यात बाबांचं नाव आणि 'यांच्या पत्नी' असं जोडलं गेलं. असं करत करत शेवटच्या नोंदीत तिने स्वतःचं नाव काढून टाकलं होतं आणि तिथे नुसतं बाबांचं नाव लिहिलं होतं. विषय तेवढा तिने तसाच ठेवला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की बसवेना.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई कोथिंबीर निवडत होती.

"आई, फॉर्म तुझं नाव घेत नव्हता, तर मला का नाही सांगितलंस?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"तू केलेला होता ना तो," ती म्हणाली. "म्हटलं, तू विचार करूनच केला असशील."