षष्ठी, साडेचार आणि आमची गाडी

भरती-ओहोटीचं गणित मला येतं, असा माझा गेल्या फेब्रुवारीपर्यंत समज होता.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. शनिवारी चहा घेताना ती म्हणाली, त्याआधी एकदा समुद्रात पाय बुडवायचेत. आई मूळची उरणकडची, लहानपण सगळं किनाऱ्यावर गेलेलं. आता खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात सोफ्यापासून बाल्कनीपर्यंत जायला तिला मध्ये दोन थांबे लागतात. वाळूत वॉकर रुतणार, आणि मला कमरेचा पट्टा, म्हणजे उचलून नेणंही बाद. पण मी ठरवलं, आज आईचे पाय भिजणार म्हणजे भिजणार!

ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी कडक होते, तेव्हा गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायची, असा माझा बेत. वेळ काढायला मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात. त्या दिवशी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला ओहोटी, मी जाहीर करून टाकलं.

"अरे, ती भरतीची वेळ असते," आई म्हणाली.

मी इंजिनिअर आहे (सिव्हिल, पण गणित ते गणितच), याची मी तिला आठवण करून दिली. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, तू म्हणतोस तसं. मी जिंकलो, असं मला वाटलं.

साडेतीनला किनाऱ्यावर पोचलो, तर एक शहाळीवाली धावत आली. "दादा, गाडी खाली नको. पानी वर येतंय, आमी रोज बगतो." मी काच खाली करून तिला षष्ठीचं गणित समजावलं. मागून बायको म्हणाली, त्या रोज इथे असतात, तुम्ही वर्षातून एकदा येता. मी गाडी पाण्यापासून दहा पावलांवर नेली, इंजिन बंद केलं आणि आता बघा पाणी कसं मागे जातं ते, म्हणून हाताची घडी घातली.

पाणी पुढे आलं. म्हटलं, शेवटची लाट असेल. अशा अकरा शेवटच्या लाटा आल्या! घाईघाईने गाडी सुरू केली, तर चाकं जागच्या जागी फिरून वाळूत बसली. बायको ढकलायला लागली, पट्टा आवळून मीही लागलो. गाडी दोघांनाही दाद देईना. शहाळीवालीने ट्रॅक्टरवाल्या दिराला फोन केला होताच (माझं गणित ऐकता ऐकताच लावला होता म्हणे).

धापा टाकत आईच्या बाजूला आलो, तर तिने दार उघडलेलं, सीटवर वळून पाय बाहेर सोडलेले, साडी गुडघ्यापर्यंत वर. लाट यायची, पोटऱ्या भिजवून जायची, आणि ही डोळे मिटून हसत बसलेली. बाबा गेल्यापासून तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, पण आधीच नखशिखांत भिजलेलो असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

ट्रॅक्टरने आम्हाला ओढून काढलं. घरी येताना मी तिला विचारलं, "भरती आहे हे पक्कं माहीत होतं, तर गप्प का बसलीस?"

"ओहोटीला इथलं पाणी चिखलाच्या पार जातं. तिथवर मला कोण नेणार होतं?" पदराने पाय पुसत आई म्हणाली. "आणि भरती आहे हे तुला पटलं असतं, तर तू गाडी वर रस्त्यालाच लावली असतीस. म्हणून एकदाच सांगितलं. तू ऐकणार नाहीस, याची मला खात्री होती."

चोपन्न वर्षांत माझ्यावर एवढा विश्वास कुणीच टाकला नव्हता.