हातची पेज

ती पेज आठवली की या वयातही माझं डोकं तापतं. इंग्रजी अमदानीत मी कुहीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आश्विनात, धान पोटरीत, ऐन पाण्याच्या गरजेत असताना, बाजाराच्या दिवशी भर दुपारी गावच्या तलावाची पाळ कुणीतरी फोडली. गोवारी टोल्याचं, म्हणजे गोवाऱ्यांच्या वस्तीचं, शेतीचं पाणी वाहून गेलं. खबर घेऊन गावचा जमीनदार, मालगुजार, स्वतः आला. खुर्चीत ऐसपैस बसून त्यानं गोंड टोल्यातल्या एकाचं नाव सांगितलं. पाहिलं कुणी, एवढं विचारायचीही मला गरज वाटली नाही. त्या माणसाला आणून कोठडीत टाकलं.

"पाळ मी नाही फोडली, साहेब."

"मंग दुपारी कुठं होता? काहून गप बसून राहिला?" हवालदार दरडावला.

तो खाली बघत राहिला. मी त्याच्या कानाखाली मारली, तरी शब्द नाही. दोन दिवस हेच. तिकडं गोवारी काठ्या घेऊन गोंड टोल्यावर जायच्या बेतात.

तिसऱ्या दिवशी एक गोवारी विधवा भिंत धरत धरत ठाण्यात आली.

"तो माह्या घरी होता. मी तापानं फणफणून राहिली होती, जवळ कोणी नाही. यानं पेज शिजवून मले पाजली. लिहा, साहेब."

कोठडीतून तो ओरडला, "नको वं बाई! जातवाले टाकतीन तुले!"

"टाकू दे. अन् माह्या दारातून पाळ दिसते. मालगुजाराची माणसं फावडे मारून राहिली होती. तेही लिहा."

ती माणसं तासाभरात कबूल झाली. दोन्ही टोल्यांनी मिळून मालगुजाराची बेगार, फुकटची राबणूक, नाकारली होती, म्हणून त्याला त्यांना एकमेकांच्या उरावर घालायचं होतं. आणि असल्या नालायकाला मी खुर्ची दिली होती! तपासाबद्दल वरिष्ठांनी माझीच पाठ थोपटली. कसला तपास? प्रकरण सोडवलं त्या बाईनं.

पुढं फेरपंचनाम्याला गेलो, तेव्हा दोन्ही टोले मिळून पाळ बांधत होते. तो गोंड पानाच्या द्रोणांतून पेज वाढत होता. बाईला जातीबाहेर काढायला निघालेला गोवाऱ्यांचा म्हातारा पंच सगळ्यांदेखत पुढं आला, द्रोण घेऊन गटागटा प्याला.

"आता मलेही टाका," म्हणाला.

मग त्या गोंडानं एक द्रोण माझ्यापुढं धरला. उन्हात चार कोस सायकल मारून आलो होतो, घसा कोरडा पडला होता. लाज वाटते सांगायला, पण मला माझी जात आठवली. तहान नाही म्हणालो. त्यानं तो द्रोण पुढच्या माणसाला दिला.