दूध आलंच नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय— मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पहिलं बाळंतपण, म्हणून कोरेगावहून सांगलीला माहेरी आले होते. नवरा फौजेत, लांब. दवाखान्यात पोटावर ऑपरेशन झालं. गुंगीत कुणा नर्सचा आवाज कानावर पडला— 'पोरगा झाला बघा.' कुणाला म्हणाली असेल ती?

शुद्धीवर आले तर आई म्हणाली, "मुलगी हाय. धाप लागतीया, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीया." शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या कुशीत मात्र मुलगा. त्याच सकाळचा.

मी त्या मुलाकडे बघत राहायचे. कपाळ माझ्या नवऱ्यासारखंच— वाटायचं तसं. मला पेटीपाशी नेत नव्हते. का नेत नव्हते? नर्स हसून बोलली, तरी वाटायचं, ही काहीतरी लपवतेय. बऱ्याच दिवसांनी मुलगी मांडीवर ठेवली, तेव्हा मी तिला हुंगलं. नुसता औषधाचा वास. माझं असं काहीच नाही.

मी म्हणाले, दूध आलंच नाही.

आलं होतं. लय आलं होतं. छाती दगडासारखी व्हायची. न्हाणीत जाऊन पिळून टाकायचे, वरून पाणी ओतायचे. बाहेर ती रडत असायची, आणि मी मनात म्हणायचे— परक्याचं लेकरू मी का पाजू? पेटीतून मुलगा काढून दिला असता, तर आला असता का मला हा संशय?

वरच्या दुधानं तिला जुलाब लागले. डोळे खोल गेले. निरोप मिळताच कोरेगावहून माझी थोरली जाऊ आली. तिचं पोरगं अजून अंगावर पीत होतं. तिनं हिलाही पदराखाली घेतलं. एकदा मला म्हणाली, "चोळी वली कशानं गं?"

"पाणी सांडलं."

तिनं माझ्या चोळीकडं पुन्हा एकदा बघितलं, आणि पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं.

मी कोरेगावला परतल्यावर नवरा रजेवर आला. दुपटं सोडून पोरीला न्याहाळत बसला, आणि ओरडलाच, "अगं, हिच्या पायाची बोटं बघ की! माझ्यासारखी जुळल्याली!"

मी बघितलं. तोवर तिचे पाय मी नीट पाहिलेच नव्हते. एवढा संशय— आणि पाय पाहिले नव्हते.

तिला छातीशी धरलं. दूध आटलं होतं. ती रडत राहिली, जावेनं घेतल्यावर गप्प झाली.

तेव्हा तरी बोलायचं ना? उलट नवऱ्याला सांगितलं, "तुमच्या वैनींनी पोरगी तोडली माझ्यापासनं." रोज तेच. शेवटी चूल वेगळी केली. पोरीला जावेच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू दिलं नाही. जाऊ एका शब्दानं भांडली नाही. तिला सगळं कळलं होतं, आणि ते मला माहीत होतं. आता ती नाही.

परवा मुलगी कराडला बाळंत झाली. डॉक्टरीणबाईंनी बाळ पुसून लगेच तिच्या छातीवर ठेवलं. मी आत गेले तेव्हाही ते तिथंच होतं. तिनं विचारलं, "आई, मला पेटीतनं काढल्यावर तूबी असंच घेतलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. "सोडतच नव्हते."

तिनं विश्वास ठेवला.