मिशीसकट माहेरी

"आदी बस," ती म्हणायची. बालवाडीतलं रडणारं मूल असो, तावातावाने आलेली त्याची आई असो, नाहीतर तपासणीला आलेले साहेब असोत. सगळ्यांना एकच हुकूम. स्वतः मात्र ती कधी टेकलेली मी पाहिली नाही. चहाचा कप घेऊन दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायची आणि चहा हातातच निवून जायचा.

धारगळच्या पलीकडे आमची शाळा. मी प्राथमिकला शिकवायचे, शेजारच्या खोलीत तिची बालवाडी. अशी बाई तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. ती समोर असली की आपणही उगाच उठून काहीतरी आवरायला लागतो.

मोपाचा विमानतळ व्हायच्या पुष्कळ आधीची गोष्ट. गावात वरचा वाडा आणि खालचा वाडा अशा दोन वस्त्या, मधे शेतं. पालखी आधी कोणाच्या दारात थांबणार यावरून दोन्ही वाड्यांत जुंपली. डोकी फुटली, देवळाला कुलूप लागलं. दोन्हीकडच्या पुरुषांनी नारळ ठेवून शपथा घेतल्या, त्या वाड्याशी येणंजाणं बंद. शपथा पुरुषांच्या, माहेरं तुटली ती बायकांची.

तिचं सासर खाली, माहेर वर. वर तिची आई अंथरुणाला खिळलेली. आमच्या शाळेच्या खिडकीतून त्या घराची कौलं दिसायची.

"जात का नाहीस?" मी एकदा विचारलं.

"थोरल्या भावोजींनी शपथ घेतल्यानी. घरात रामायण नको गो," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे गेली.

दोन्ही वाड्यांची मुलं तेवढी अजून एका शाळेत येत होती. स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा तिने काढलं, या वर्षी मुलांच्या आयांचं नाटक. आमच्याकडे नाटकाचं वेड जुनं. पण स्टेजवर बाई यायची ती बाहेरून आणलेली नटी, नाहीतर साडी नेसलेला एखादा बाप्या. गावच्या बायकांनी समोर सतरंजीवर बसून बघायचं.

मधल्या सुट्टीनंतर बायका जमू लागल्या. पहिल्या दिवशी वरच्या एका भिंतीला, खालच्या दुसरीला. गोष्ट त्यांनीच बोलता बोलता जुळवली. सून माहेरी जायला विचारते, गावकर, म्हणजे गावातला मानाचा वडीलधारा, नाही म्हणतो, ती रडते, पडदा. गावकर कोण होणार म्हटल्यावर सगळ्या एकमेकींच्या मागे लपल्या.

"मी करतंय," ती म्हणाली.

धोतराचा सोगा झटकणं, बोट नाचवणं, सगळं तिने थोरल्या दिरांचं उचललं. बायका हसून लोळायच्या. मला मात्र धडकी भरायची. आणि एके दिवशी ते स्वतःच दारात उभे राहिले.

"बायकांनी नाटकां करूची? बंद करा हां."

"आदी बसा, भावोजी."

खोलीत खुर्च्या होत्या त्या बालवाडीच्या. गुडघे छातीशी घेऊन ते बसले. तिने तालीम पुढे चालू केली, बोट नाचवत, सोगा झटकत. ते ऐकत राहिले, मग उठून गेले. त्या आठवड्यात घरात तिच्याशी कोणी बोललं नाही. मला म्हणाली, "बरां झालां. संवाद पाठ झाले."

नाटक भरदुपारी, शाळेच्या पटांगणात झालं. पुरुष दोन बाजूंना बसले होते, मधे रिकामी वाट सोडून. मी विंगेत वही घेऊन.

सून झालेली पोरगी खरोखरच खालच्या वाड्याची, वर दिलेली. तिने विचारलं, "माहेराक जावं?"

गावकराने नाही म्हणायचं होतं. गावकर गप्प. विंगेतून मी शब्द पुरवला. पुन्हा पुरवला. ती माझ्याकडे बघेचना.

"जा," ती म्हणाली. "जा गो बाये. मी पण जातंय."

आणि स्टेजवरून खाली उतरली. धोतर, काळा कोट, काजळाची मिशी, तशीच त्या मधल्या वाटेने चालू लागली. भावोजी उठले. त्यांच्या मागून त्यांची बायको उठली. तीही वरच्या वाड्याचीच.

"मी तिच्या वांगडा जातंय," ती नवऱ्याला म्हणाली आणि जावेबरोबर निघाली. मग एकेक करत बऱ्याच जणी उठल्या, काही वर, काही खाली.

मी वही तिथेच टाकून मागोमाग धावले. वरच्या घरात अंथरुणावरून तिच्या म्हाताऱ्या आईने डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण रे तू?"

"आई, मी गो."

"मिशी कित्याक?"

"तशीच इलंय."

म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. मग पदराच्या टोकाने मिशी पुसायला लागली. ती पुसली गेली नाही, गालभर पसरली. दोघींचे डोळे वाहत होते.

एका दुपारीत गाव शहाणं झालं असं नाही. त्या आठवड्यात कितीतरी घरांत आरडाओरडा झाला, एकीला मारही बसला. पण बायका जातच राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर दोन्हीकडचे निरोप. हळूहळू पुरुषांनाही बोलावं लागलं. पालखी एक वर्ष वर आधी, एक वर्ष खाली, असं ठरून देऊळ उघडलं तेव्हा तिची आई नव्हती. सभामंडपात आभार मानले ते वडीलधाऱ्यांचे आणि तालुक्याच्या साहेबांचे. नाटकाचं नाव कोणी काढलं नाही. मी चिडले.

"म्हणूं दी," ती म्हणाली. "पालखीचा मिटला. घरातला खंय मिटला? त्याच्यावर नाटक करूया. तुका सासऱ्याचं काम."

ते नाटक राहिलंच. पोरी पांगल्या, मांद्र्याच्या हॉटेलांत कामाला लागल्या, मी बदली होऊन डिचोलीला गेले.

ती जायच्या आधी थोडे दिवस म्हापशाच्या इस्पितळात तिला भेटले. हाडं उरली होती, पण नाटक डोक्यात तसंच. सासरा घरात शिरताना कसा खाकरतो ते मला जमत नाही म्हणून ती वैतागली.

"अशें," म्हणाली, आणि उशीवर रेलून खर्जात, सावकाश खाकरली.

शेजारच्या खाटेवरच्या नव्या नवरीने दचकून पदर डोक्यावर ओढला. सगळा वॉर्ड हसला, ती नवरीही हसली. पदर मात्र तिने लगेच खाली घेतला नाही. दाराकडे एकदा नीट पाहून घेतलं, कोणी नाही अशी खात्री केली, आणि मगच घेतला.