फुली

माझ्या मोठ्या बहिणीचा हमरापुरात गणपतीचा कारखाना आहे. कागदाच्या लगद्याच्या मूर्ती करते. रद्दी भिजत घालायची, कुटायची, डिंक आणि खडूची पावडर घालून मळायची, मग साच्यात. हलका, पिवळा पडलेला कागद लवकर भिजतो म्हणून तिला जुनी पुस्तकं प्रिय. पण मी तिच्याकडं गेलो त्या दिवशी रद्दी भिजवायच्या पिंपाशेजारच्या ढिगात जी पुस्तकं दिसली, ती मी लगेच ओळखली.

आमच्या लहानपणीच्या रहस्यकथा होत्या त्या. रोह्यातलं भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय बंद झालं तेव्हा ताईनं ट्रंकभर उचलून सासरी नेल्या होत्या. माळ्यावर वाळवी लागली, म्हणून यंदा पिंपाच्या वाटेला लागल्या.

त्या मालिकेचा नायक गुन्हेगार होता. गुन्हेगार म्हणजे दिलदार दरोडेखोर वगैरे नव्हे. सफारी घालणारा, केस चोपून बसवणारा, अत्यंत हलकट माणूस. ज्याच्या घरी जेवायचा त्याचाच केसानं गळा कापायचा. लेखकानं त्याला कधी सुधारलं नाही आणि पोलिसांना कधी वेळेवर पोचू दिलं नाही. तरी आम्ही दोघं त्या पुस्तकांवर तुटून पडायचो.

आमचा एक खेळ होता. पुस्तक आधी ताई वाचायची. मरणाऱ्या माणसाला हा आपल्याला फसवतोय हे जिथं कळायला हवं होतं, त्या ओळीशेजारी ती पेन्सिलीनं फुली मारायची. मग मी वाचायचो आणि माझी फुली मारायचो. दोघांचं वाचून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम. तिची फुली नेहमी माझ्या आधीच्या पानावर असायची आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

हे सगळं आठवलं खरं, पण मी त्या दिवशी आठवणी काढायला गेलो नव्हतो. निडीला आमची भातजमीन आहे. वडिलांमागं सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली. कसतो मी, हिवाळ्यात वालही मीच घेतो. त्या जमिनीला एक गिऱ्हाईक आलं होतं, चांगलं गिऱ्हाईक, आणि ते ताईला माहीत नव्हतं. मला तिचं हक्कसोडपत्र हवं होतं. आमच्याकडं बहिणी ते देतात. माहेर तुटू नये म्हणून देतात, आणि भाऊ ते गृहीत धरतात.

मी पेढ्यांचा बॉक्स पुढं केला. "गुडघं कसं हायत गो तुझं?" असं विचारलं.

"बरं हायत," ती म्हणाली. एका मूर्तीची भुवई काढत होती. हात थांबला नाही.

"निडीचं जरा कागदाचं काम होतं. तुझं नाव राहिलं तर दरवेळी तुलाच हेलपाटा. एकदा सही केलीस की सुटलीस."

"कोणी घेतंय काय जमीन?"

"नाय गो. आपल्या जमिनीला कोण विचारतंय?"

तिनं कुंचला पाण्यात बुडवला. सही करीन म्हणाली. मी निघताना ढिगातली चारपाच पुस्तकं मागून घेतली. पिशवी भरून झाल्यावर ती म्हणाली, "थांब जरा," आणि आत जाऊन आणखी एक घेऊन आली. "ह्ये पण ने. वाच."

घरी येऊन मी आठवडाभर तीच पुस्तकं वाचली. पूर्वी मजा यायची. आता तो माणूस बोलायला लागला की मला शिसारी यायची, आणि तरीही त्याचा डाव फसू नये असं वाटायचं. बायको म्हणाली, काय घाणेरडी पुस्तकं वाचताय या वयात. मी तिच्यावर उगाच खेकसलो.

ताईनं आतून आणून दिलेलं पुस्तक मी शेवटी ठेवलं होतं. सहीच्या आदल्या दुपारी उघडलं. त्यात तो विधवा बहिणीकडं जातो. तिच्या वाट्याचं घर त्याला हवं असतं. ताईची पेन्सिलीची जुनी फुली पार शेवटाकडं होती, बहीण दुधाचा पेला तोंडाला लावते तिथं. या एका पुस्तकात ताईला उशिरा कळलं होतं.

पण त्याच्या कितीतरी आधी, पुस्तकाच्या सुरुवातीलाच, दुसरी फुली होती. काळ्या रंगाची, बारीक कुंचल्यानं काढलेली. तो मिठाई घेऊन दारात येतो आणि जन्मात पहिल्यांदा बहिणीला विचारतो, तब्येत कशी आहे, त्या ओळीशेजारी.

मी ती ओळ पुन्हा वाचली. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून पाहिलं. तिनं ती फुली कधीतरी पूर्वी मारली असेल असंही म्हणून पाहिलं. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मला लाज वाटत होती, पण जमीनही हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं रोह्याला आली. निबंधक कार्यालयात आमचा नंबर लागला. कॅमेऱ्यासमोर बसवून तिथल्या माणसानं विचारलं, "मावशी, स्वखुशीनं सोडताय ना हक्क?"

ती माझ्याकडं वळली. "त्या दिवशी शेवटी दिलं ते पुस्तक वाचलंस?"

अजून वेळ होता. ती मुद्दाम थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"नाय गो," मी म्हणालो. "वेळच नाय मिळाला."

"बरं," ती म्हणाली. मग त्या माणसाला "व्हय, स्वखुशीनं" म्हणाली आणि यंत्रावर अंगठा ठेवला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, घरी चल, जेवण तयार आहे. गाडीची वेळ झाली म्हणाली. गाडीला दोन तास होते. रोह्यात येऊन माझ्या घरची पायरी न चढता ती गेली, ही पहिलीच वेळ.

दर वर्षी तिच्या कारखान्यातली एक मूर्ती आमच्यासाठी बाजूला ठेवलेली असते, आणि घेऊन जा म्हणून तिचा फोन येतो. यंदा आला नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत मी वाट पाहिली, मग बाजारात जाऊन गणपती आणला.